पाळीचा बाण

आबांनी घरात, चुलीच्या वरल्या फळीवर, बाण लावला व्हता. लाकडाचा, ईतभर लांब, मधी खिळा ठोकल्याला. बोटानं फिरवला की फिरायचा. टोक चुलीकडं असलं म्हंजी पाळी काकूंची, दाराकडं असलं म्हंजी आबांची. नवरा-बायकोचं भांडण लागलं, दोघांचं तोंड एकदमच सुटलं, कुणीच माघार घेईना, की आबा मधीच गप व्हायचं आन् वर बघायचं. बाण जिकडं, त्येचं खरं. मग उठून बाण फिरवायचा, म्हंजी पुढलं भांडण दुसऱ्याचं.

काकू मला म्हणायच्या, "बघ की गं बाई, ह्या माणसानं माझ्या संसाराला शिट्टी लावली. काल मी कारलं चिरलं तर म्हणत्यात कसं, बाण माझ्याकडं हाय, आज वांगं कर."

"मग काय केलं तुमी?"

"काय करती? वांगं केलं. पर मीठ घातलं न्हाय. म्हटलं, मिठाची पाळी उद्या."

त्यो घरातला बाण धाकटा. थोरला बाण आबांच्या सायकलीला असायचा, फडक्यात गुंडाळून, तान्ह्या पोराला बांधावं तसा. त्यो बास्केटबॉलचा.

आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत शाळा हाय. शाळंच्या मागं शिमिटाचं मैदान, दोन्ही टोकाला जाळ्या. मी तितं झाडलोट करायची. उसाचं गळीत सुरू झालं की धुराड्याची काजळी पडती, काळी, भुसभुशीत. सकाळच्या पारी झाडल्यालं मैदान दुपारपतुर परत काळं. पोरी पडल्या की गुडघं काळं. लिवायच्या टेबलावर फडकं मारून हात मागं घ्यावा, तर दुसरी काजळी येऊन बसल्याली. लई वर्सं म्या ती काजळी झाडली.

आबा कारखान्यात यार्डाला व्हतं, उसाच्या बैलगाड्यांना नंबर द्यायचं काम. तरणं असताना सोता खेळायचं म्हणं. नंतर त्येंनी पंचाची परीक्षा दिली आन् मॅचच्या टेबलावर बसाय लागलं. यार्डात गाड्यांची पाळी आन् मैदानात चेंडूची पाळी, दुसरं त्येंच्या डोक्यात काय शिरतच न्हवतं.

माझा मालक गाडीवान. एकदा यार्डात त्येच्या बैलाच्या खुराला लागलं, बैल उभा ऱ्हाईना. मालक म्हणला, "आबा, माझी गाडी तेवढी पुढं घ्या."

आबा म्हणालं, "तुझ्या म्होरं अकरा गाड्या हायती. त्येंच्या बैलांना काय सांगू मी?"

न्हाय घेतली पुढं. पर घरनं हळद-तेल आणलं, आन् पाळी येईस्तवर त्या बैलाच्या पायापशी चिखलात बसून ऱ्हायलं. मी भाकरी घेऊन गेलीवती. म्या आबांना लई शिव्या दिल्या, मोठ्यांदा, समद्या गाडीवानांम्होरं. आबा वर न बघता म्हणालं, "दे बाई. तुझी पाळी हाय."

मालक पुढं काविळीनं गेला. ल्योक ट्रॅक्टरखाली गेला. सून तरणी व्हती, तिचं माहेरच्यांनी दुसरं लगीन लावलं. बरं केलं. नात माझ्यापाशी ऱ्हायली, कोमल, अडीच वर्साची. ह्येच्यावर जास्ती काय सांगू? दिस यायचं, जायचं. मी झाडायची आन् ती मैदानाच्या कडंला मातीत खेळायची. मग चालाय लागली ती चेंडूच्या मागंच.

एकदा म्या इचारलं, "आबा, येवढा खेळ चाललाय, पोरी धावत्यात, आन् तुमी त्या लाकडाकडं काय बघत बसताय?"

"बस हितं," म्हणालं. "दोन पोरींनी चेंडू एकदमच धरला, दोघीबी सोडीनात. मग त्यो कुणाचा?"

"जिच्या अंगात जोर तिचा."

"म्हणूनच बाण हाय," म्हणालं.

मग समजावून सांगितलं. सुरवातीला पंच मधी चेंडू उडवतो. एका संघाला त्यो घावतो. ज्याला घावला न्हाय, पयली पाळी त्येची. त्यो संघ ज्या जाळीत चेंडू टाकणार, तिकडं टेबलावरल्या बाणाचं टोक करून ठेवायचं. मग खेळात दोघींनी चेंडू धरून ठेवला, की पंच शिट्टी मारून दोन्ही आंगठं वर करतो आन् टेबलाकडं बघतो. बाण ज्या संघाचा, त्यानं कडंनं चेंडू आत टाकायचा. टाकून झालं की बाण उलटा. आता पाळी दुसऱ्या संघाची.

म्या म्हटलं, "म्हंजी ज्याला आधी मिळालं न्हाय, त्येला पुढल्या येळी मिळतंय?"

"व्हय."

"असं कुठं असतंय व्हय आबा?"

"हितं असतंय," म्हणालं. "ह्या टेबलावर. बाकीचं मला म्हाईत न्हाय."

त्या दिवसापास्नं मी टेबलामागं पायरीवर बसाय लागली. लिवता येत न्हवतं, पर बाणाला कुठं अक्षर लागतंय? मॅच सुटली की आबा सायकल धरून इचारायचं, "बाई, आज बाण किती डाव फिरला?" मी बोटं मोजून सांगायची. बरूबर आलं की मान हलवायचं, बास. चुकलं की दोन दिस बोलायचं न्हाईत.

त्येंच्या लई तऱ्हा. बाण टेबलावर ठिवला की टोपी काढून टेबलाखाली. मग च्या न्हाय, पाणी न्हाय आन् बोलणं तर मुळीच न्हाय. एकदा गावचं मोठं पुढारी हार-तुरं घालून घेऊन टेबलापशी आलं. म्हणालं, "काय आबा, बरं हाय का?" आबा बाणाकडं बघत बसलं. पुढारी परत म्हणालं, "आबा, वळख न्हाय का?" न्हायच. शेवटी पुढारी मलाच म्हणालं, "म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाय का?" म्या म्हटलं, "येतंय साहेब. पर बाण टेबलावर हाय." त्येंना काय कळलं कुणास ठावं, हसत गेलं. मॅच झाल्यावर आबा सोता त्येंच्याकडं गेलं आन् म्हणालं, "बरं हाय." इचारून दोन घंटं झालं व्हतं.

बाण कवा फिरवायचा, ह्येच्यातबी त्येंचा काटा. पोरीच्या हातात चेंडू दिला म्हणून बाण हलायचा न्हाय. तिनं टाकला तरी न्हाय. आतल्या पोरीचा हात चेंडूला लागला, की मग. "हातात दिला म्हंजी दिला न्हाय. आतल्यानं धरला की दिला," असं म्हणायचं. आन् हे समद्यालाच लावायचं. घरकुलाच्या यादीत माझं नाव लागलं, मी पेढा घेऊन गेली. आबांनी पेढा काकूंकडं ठेवाय दिला. म्हणालं, "तू आत निजलीस का?" म्या म्हटलं, "अजून पाया बी खणला न्हाय, पर यादीत नाव आलंय की." म्हणालं, "मग पेढा ऱ्हाऊ दे." दीड वर्सानं मी आत निजली. तवर पेढ्याचा दगूड झाला व्हता. काकूंनी त्यो फेकला, आन् आबांनी मला दुसरा आणाय लावला.

अर्धा खेळ झाला की संघ बाजू बदलत्यात. जाळ्या बदलल्या म्हंजी बाणाचं टोकबी बदलावं लागतंय, न्हायतर एकाची पाळी आयतीच दुसऱ्याला जाती. त्या येळी आबा उठून उभं ऱ्हायचं, पंचाला हातानं बोलवायचं, पंच आला की त्येच्या डोळ्यांदेखत एकदाच बाण फिरवायचं. एकट्यानं कवा फिरवला न्हाय. आन् तरीबी भरवसा न्हाय, म्हणून मनगटात तांबडं रबर घालायचं. बाण उजवीकडं तर रबर उजव्या हातात, बाण डावीकडं तर डाव्या. म्या म्हटलं, "दोन-दोन कशाला?" तर म्हणालं, "गुण लिवत्यात, फाऊल लिवत्यात. बाण कुठंच लिवत न्हाईत. उद्या कुणी म्हणालं बाण खोटा, तर कागूद दाखवता येत न्हाय. नुसता मी हाय."

आता ती मॅच.

कोमल नववीला व्हती. आमच्या शाळंच्या पोरी जिल्ह्यात शेवटच्या मॅचपतुर आल्या, आन् ती मॅच आमच्याच मैदानावर. समोर बारामतीकडच्या एका शाळंच्या पोरी, उंच उंच. पुण्यास्नं खेळाच्या वसतिगृहाचं साहेब बघाय आलं व्हतं. जो संघ जिकंल त्यातल्या दोन पोरी घ्यायच्या, असं सरांनी सांगितलं व्हतं. ऱ्हाणं, खाणं, शाळा, बूट, समदं त्येंचं. कोमल आमच्यात अव्वल. जिकलं तर ती जाणार, ह्यात कुणाला शंका न्हवती. आन् मला तर म्हाईत व्हतं, न्हाय गेली तर मी किती दिस पुरणार तिला. दम लागाय लागला व्हता मला, झाडू मारताना.

गळीत जोरात व्हतं. वारं सुटलं व्हतं, काजळी भुरूभुरू पडत व्हती. शेवटचा डाव चालू व्हता, तीन-चार मिनिटं ऱ्हायलीवती. आमी एका गुणानं मागं. आमच्या सरांनी टायमाउट घेतला. लिवणारा मास्तर म्हणाला, "आज्जी, फडकं मारा की, कागद काळा झालाय." मी उठली. कागूद त्येनं उचलला, म्या टेबल पुसलं. बाणाखाली काजळी साठलीवती म्हणून बाण उचलला, पुसला, ठिवला.

आन् पायरीवर येऊन बसली तवा बघितलं. टोक आमच्याकडं व्हतं. आमच्या पोरींच्या पाळीचं. उचलला तवा ते तिकडं व्हतं, बारामतीच्या पोरींचं. माझ्या हातनं उलटा ठिवला गेला.

मुद्दाम ठिवला न्हाय. देवाशपत न्हाय. पर बघितल्यावर मी उठली न्हाय, हे मुद्दाम. मला कळत व्हतं, येवढी वर्सं त्येच तर बघत व्हती मी. म्हटलं, दोन-तीन मिनिटांचा खेळ. कशाला कुणी चेंडू धरून बसतंय. बाणाकडं कुणी बघायचं पण न्हाय. ऱ्हाऊ दे. आबांच्या पाठीकडं बघितलं. आबा गुमान बसलं व्हतं.

खेळ सुरू झाला. त्येंनी एक टाकला, आमी एक टाकला. परत एकाच गुणाचा फरक, आमी मागं. थोडंसंच सेकंद ऱ्हायलं आसतील, तवा चेंडू जाळीखाली पडला. कोमलनं झडप घातली, त्या उंच पोरीनंबी घातली. दोघी खाली पडल्या, चेंडू दोघींच्या पोटात. सोडीनात. पंचानं शिट्टी मारली आन् दोन्ही आंगठं वर केलं.

समदं मैदान टेबलाकडं बघाय लागलं. बाण आमच्याकडं. पोरी उड्या माराय लागल्या, "आपला, आपला!"

आबा उठलं. पंचाला हातानं बोलवलं. मनगट पुढं केलं, तांबडं रबर दुसऱ्या हातात व्हतं, बारामतीच्या बाजूच्या. आन् बाण उचलून उलटा फिरवला.

मग काय इचारता. आमची माणसं उठलीच. "हातानं फिरवला! समद्यांदेखत फिरवला!" एक जण कुंपणावर चढून ओरडला, "आबा, किती घेतलं रं बारामतीकडनं?" आमचं सर टेबलापशी आलं, त्येंचा आवाज चढला, "आबा, अहो आत्तापतुर बाण आपल्याकडं व्हता, मी सोता बघितलाय. तुमी रबर दाखवून काय सांगताय?" पंच तरणा पोरगा, घामाघूम झाला. म्हणाला, "आबा, काय झालं ते तुमी बोला तरी."

आबा बोलंनात. बाण टेबलावर व्हता न्हवं. उभं ऱ्हायलं, मान ताठ, हात बाजूला. त्येंच्या गालावर काजळी पडलीवती, ती बी पुसली न्हाय. मागनं कोण तरी म्हणलं, "म्हातारपणी इकला गेला." मला वाटलं आता बोलत्याल. न्हाय.

तितं कोमल गुडघं चोळत उभी व्हती, माझ्याकडंच बघत. तिला कळत व्हतं का काय, मला म्हाईत न्हाय. मी जागची उठली. टेबलापशी गेली आन् म्हटलं, "बाण माझ्या हातनं फिरलाय. टायमाउटला पुसताना. पाळी त्येंचीच हाय."

सर म्हणालं, "आज्जी, तुमाला काय कळतंय त्यातलं? बसा तिकडं."

म्या म्हटलं, "आजच्या दिवसात बाण सहा डाव फिरलाय. सांगू का कवा कवा?"

आन् सांगितलं. पयला डाव कसा, अर्ध्या खेळाला पंचाला बोलवून कसा, समदं. लिवणारा मास्तर म्हणाला, "व्हय, टेबल पुसाय मीच सांगितलं व्हतं." पंचानं चेंडू बारामतीच्या पोरींना दिला. त्येंनी आत टाकला, आतल्या पोरीनं धरला. आबांनी बाण फिरवला. मग येळ संपली.

घरी कोमल जेवली न्हाय. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आज्जे, तू गप बसली असतीस तर?"

"तर आबा चोर ठरलं असतं."

"आन् मी?"

म्या चूल विझवली.

दुसऱ्या दिशी मैदानावर कुणी न्हवतं. मी झाडत व्हती. आबा आलं. सायकलीला बाण न्हवता. पायरीवर बसलं, मी बसायची तितं.

म्हणालं, "पुसून ठिवल्यावर तू बघितलं व्हतंस ना, बाई?"

झाडू तसाच हातात. म्या म्हटलं, "व्हय आबा. बघितलं आन् गप बसली."

"मीबी बघितलं," म्हणालं.

मला आधी समजलंच न्हाय.

"रबर माझ्या हातातच व्हतं की. तू ठिवलास आन् मी तवाच बघितलं. एक बोट लावलं असतं तर सरळ झाला असता. कुणाला कळलंबी नसतं. न्हाय लावलं."

"का वं आबा?"

म्हणालं, "म्हटलं, चेंडू कुठं अडकतोय आता. जाऊ दे पोरगी पुण्याला." आन् तोंडावरनं हात फिरवला. "तेवढी दोन-तीन मिनिटं मी टेबलावर न्हवतोच बघ. बाकीच्या समद्या वर्सांत व्हतो, तेवढी न्हवतो."

त्येच्यानंतर आबा कवाच टेबलावर बसलं न्हाईत. लोक म्हणाय लागलं, आबांना बोलणं लागलं, अपमान झाला. सर दोनदा घरी जाऊन पाया पडून आलं. आबा म्हणालं, "तुमची काय चूक न्हाय," आन् च्या पाजून वाटंला लावलं. खरं कारण मला आन् त्येंना दोघांनाच ठावं. त्येंनी ते माझ्यापाशी ठिवलं व्हतं. मी कुणाला देऊ?

कोमल हितंच शिकली, मग नर्सचं शिकली. आता बारामतीला दवाखान्यात हाय, तिला पोरगी हाय. खेळ तिनं दहावीलाच सोडला. माझ्याशी नीट वागती, औषध आणती, पाय चेपती. पर त्या मॅचचं आमी दोघींनी कवा तोंडातनं काढलं न्हाय. घरात एक खोली बंद करून ठिवावी तसं.

आबा गेलं त्याला आता वरीस झालं. वर्षश्राद्धाला आमी दोघी गेलो व्हतो. पंगतीत माणसं सांगत व्हती, आबांच्या हातनं उभ्या जन्मात चूक झाली न्हाय, बाण म्हंजी बाण. येताना कोमल गाडी चालवत व्हती, मी मागं बसलीवती. कळंबचा फाटा मागं गेला तशी ती म्हणाली, "न्हाय केली चूक. म्हणून तर माझं ऱ्हायलं."

येवढ्या वर्सांनी पयल्यांदा बोलली. म्या म्हटलं, "गाडी बाजूला घे."

उसाच्या कडंला तिनं गाडी लावली. म्या तिला समदं सांगितलं. मी बघून गप बसल्याली, ते आधी. मग आबांचं. ती गाडीवरनं उतरून माझ्याकडं तोंड करून उभी ऱ्हायली.

"आबांना वाटत व्हतं?" म्हणाली. "मी जावं असं, आबांना?"

"व्हय."

"ते असं म्हणालं?"

"जाऊ दे पोरगी पुण्याला, असं म्हणालं."

रस्त्यानं उसाचं ट्रॅक्टर चाललं व्हतं, त्येच्या आवाजात मला वाटलं तिला ऐकू गेलं नसंल. पर गेलं व्हतं. ट्रॅक्टर लांब गेल्यावर ती म्हणाली, "आज्जे, परत सांग."

म्या परत सांगितलं.